परदेशी नोकरीला निघताय? आधी दिवस मोजा

नोकरी लागली, व्हिसा हातात आला, की आपण एनआरआय झालो आणि भारतातल्या आयकरातून सुटलो, असं बऱ्याच जणांना वाटतं. रत्नागिरी-चिपळूण भागातल्या आमच्या अनेक ग्राहकांचं दुबई, दोहा, मस्कतला येणं-जाणं असतं, त्यांच्यासाठी हे पत्रक. व्हिसावर काही ठरत नाही. १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षात तुम्ही भारतात किती दिवस होता, यावर ठरतं.

एरवी १८२ दिवस भरले, किंवा ६० दिवस भरले आणि त्याआधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस इथे काढले असतील, तर माणूस निवासी. नोकरीसाठी देश सोडणाऱ्या भारतीय नागरिकाला त्या वर्षी ६० दिवसांची अट लागत नाही. त्याच्यासाठी १८२ हाच आकडा. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाला, तरी हे आकडे तेच आहेत.

समजा, तुम्हाला सप्टेंबरअखेर दुबईला रुजू व्हायचंय. १ एप्रिलपासून मोजलं तर २८ सप्टेंबर हा १८१ वा दिवस आणि २९ सप्टेंबर १८२ वा. निघण्याचा आणि उतरण्याचा, दोन्ही दिवस आम्ही भारतातच धरतो; पुढे नोटिशीला उत्तरं देत बसण्यापेक्षा ते बरं. २८ ला निघालात आणि मार्चअखेरपर्यंत परत आला नाहीत, तर तुम्ही अनिवासी, दुबईच्या पगारावर इथे कर नाही. २९ ला निघालात तर निवासी, आणि निवासी माणसाचं जगभरातलं उत्पन्न इथल्या रिटर्नमध्ये दाखवावं लागतं. दुबईत पगारावर आयकर नाही, म्हणजे तिथे भरलेल्या कराची सवलत मागायलाही काही नाही. मुंबईहून आखाताची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात, तेव्हा इमिग्रेशनच्या शिक्क्यावर कुठली तारीख पडली ते नीट बघा.

खरी गडबड होते ती सुट्टीत. ऑगस्टअखेर गेलेला माणूस दिवाळीला घरी येतो, मार्चमध्ये शिमग्याला पालखी नाचवायला येतो, आणि तेवढ्यात १८२ भरतात. पहिल्या वर्षीच्या सुट्टीचं तिकीट काढण्याआधी आम्हाला एक फोन कराच.

पुढच्या वर्षांत सुट्टीवर येणाऱ्यांनाही १८२ चीच मर्यादा आहे. मात्र घरभाडं, ठेवींचं व्याज, शेअर किंवा जमीनविक्रीचा नफा असं भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर गेलं, तर १२० दिवस आणि आधीच्या चार वर्षांतले ३६५ एवढ्यावरही निवासी ठरता. असं उत्पन्न असणारा आणि कुठल्याच देशात कर न लागणारा भारतीय नागरिक तर एक दिवसही इथे न राहता निवासी मानला जातो. घाबरू नका: या दोन्ही प्रकारांत दर्जा ‘निवासी पण सामान्यतः निवासी नाही’ असा असतो आणि तिथल्या नोकरीचा पगार करमुक्तच राहतो.

हाच दर्जा कायमचं परत येणाऱ्यांच्या कामी येतो. आधीच्या दहापैकी नऊ वर्षं अनिवासी असाल, किंवा आधीच्या सात वर्षांत भारतात ७२९ किंवा त्याहून कमी दिवस राहिला असाल, तर तो मिळतो. तोवर परदेशातल्या ठेवींचं तिथेच जमा होणारं व्याज इथे करपात्र नाही. पूर्ण निवासी झालात की परदेशी खाती आणि मालमत्ता रिटर्नमध्ये दाखवावीच लागते. न दाखवल्यास १० लाखांचा दंड होऊ शकतो. दहा-पंधरा वर्षांनी परतणाऱ्याने हे येण्याआधीच विचारावं, कारण परतीची तारीख महिनाभर पुढे-मागे केल्यानेही या दर्जाचं एक अख्खं वर्ष पदरात पडू शकतं.

बँकेचं गणित वेगळं. ते फेमा या परकीय चलनाच्या कायद्याने चालतं आणि तिथे दिवसांइतकाच जाण्याचा हेतूही पाहतात. नोकरीसाठी गेलात की साधं बचत खातं एनआरओ (अनिवासींचं इथलं रुपयातलं खातं) करून घ्यायला बँकेला कळवा, मग आयकराच्या हिशेबाने त्या वर्षी निवासी असलात तरी.

येताना जुना-नवा पासपोर्ट, नोकरीचा करार, बँकेची स्टेटमेंटं आणि मागची रिटर्न्स आणा. बोटीवर असाल तर सीडीसी, म्हणजे खलाशाचं नोंदपुस्तकही आणा, त्यातल्या साइन-ऑन (बोटीवर रुजू) आणि साइन-ऑफ (कार्यमुक्त) झाल्याच्या तारखा लागतात. शिक्के पुसट असले तर बोर्डिंग पास फेकू नका.