आठव्या गुणसूत्रावरचा आफ्रिकी तुकडा

अमेरिकेत कृष्णवर्णीय पुरुषांना प्रोस्टेटचा कर्करोग गोऱ्या पुरुषांपेक्षा साधारण पावणेदोन पट जास्त होतो. त्याने होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण तर जवळजवळ दुप्पट. ‘वंशच तसा’ म्हणून हात झटकणं सोपं आहे, पण वंश म्हणजे नेमका डीएनएचा कुठला भाग?

गुलामगिरीच्या काळापासून झालेल्या संकरामुळे आफ्रिकन-अमेरिकन माणसाच्या डीएनएत सरासरी ८० टक्के वारसा आफ्रिकेचा, तर २० टक्के युरोपचा असतो. हे प्रमाण माणसागणिक बरंच बदलतं. संकराला फार पिढ्या झालेल्या नाहीत, त्यामुळे गुणसूत्रं दोन रंगांच्या गोधडीसारखी दिसतात आणि ठिगळंही चांगली मोठी असतात. कुठलं ठिगळ कुठून आलं, हे सांगता येतं.

जनुकशास्त्रज्ञ डेव्हिड राइख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६मध्ये याचाच फायदा घेतला. प्रोस्टेटचा कर्करोग झालेल्या १,५९७ आफ्रिकन-अमेरिकन पुरुषांचे डीएनए त्यांनी तपासले. युक्ती साधी, पण मला फार आवडते: रुग्णांच्या डीएनएत एखाद्या जागी आफ्रिकी वारसा त्यांच्याच सरासरीपेक्षा जास्त आढळला, तर धोका तिथे दडलेला असणार. अशी जागा सापडली आठव्या गुणसूत्रावर, डीएनएच्या सुमारे ३८ लाख अक्षरांच्या पट्ट्यात. वयाच्या बहात्तरीआधी निदान झालेल्यांत तिचा प्रभाव ठळक होता.

गंमत म्हणजे त्याच वर्षी आइसलँडच्या शास्त्रज्ञांनाही, तिथल्या गोऱ्या लोकांत शोधताना, हीच जागा गवसली. म्हणजे धोका वाढवणारे बदल युरोपीय वारशातही आहेत. काही बदल आफ्रिकी वारशात अधिक आढळतात, काही तर जवळपास फक्त तिथेच. या पट्ट्यात जनुकं तुरळक आहेत. मात्र जवळच पेशींची वाढ चालवणारं ‘मिक’ हे जनुक आहे, आणि त्याला कमी-जास्त करणारी बटणं याच ओसाड भागात असल्याचं दिसतं.

हे झालं रोग होण्याबद्दल. मृत्यूचं गणित मात्र वेगळं निघतं. अमेरिकेत माजी सैनिकांसाठी सरकारी आरोग्यसेवा आहे. तिथे पैशाअभावी उपचार सहसा अडत नाहीत. त्या सेवेतल्या साठ हजारांहून अधिक रुग्णांचा अभ्यास २०२०मध्ये प्रसिद्ध झाला. दहा वर्षांत या कर्करोगाने दगावण्याचं प्रमाण कृष्णवर्णीयांत ४.४ टक्के होतं, तर गोऱ्यांत ५.१ टक्के.