बर्नार्ड फिशर यांचे निबंध आणि संदर्भांचा हिशेब

अध्यापन आणि संशोधन करणाऱ्या सर्जनचं मोठेपण हल्ली दोन आकड्यांवरून ठरतं. त्याने शोधनिबंध किती लिहिले आणि इतरांनी त्यांचा संदर्भ किती वेळा घेतला. संदर्भ मोजण्याची पद्धत यूजीन गारफिल्ड यांची. कुठल्या निबंधाचा संदर्भ कुणी घेतला हे नोंदवणारी त्यांची सूची १९६४ साली फिलाडेल्फियात निघाली. २००५ मध्ये होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने एच-इंडेक्स सुचवला. एखाद्याचा एच-इंडेक्स ४० असेल तर त्याच्या ४० निबंधांना प्रत्येकी निदान ४० संदर्भ मिळालेले असतात. नेमणुका आणि बढत्या ठरवताना हे आकडे पाहिले जातात. पण सर्जनच्या बाबतीत ते किती अपुरे पडतात, हे अमेरिकेतल्या पिट्सबर्गचे सर्जन बर्नार्ड फिशर (१९१८–२०१९) यांच्या कामातून जितकं लख्ख दिसतं तितकं क्वचितच कुठे दिसेल.

स्तनाच्या कर्करोगावर तेव्हा बाल्टिमोरच्या विल्यम हाल्स्टेड यांची शस्त्रक्रिया रूढ होती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकापासून ती चालत आलेली. संपूर्ण स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या लसिकाग्रंथी असं सगळं एकत्र काढून टाकायचं. छाती खोलगट व्हायची आणि अनेकींच्या हाताला कायमची सूज राहायची. यामागचा तर्क असा, की कर्करोग गाठीपासून आजूबाजूला पायरीपायरीने सरकतो; म्हणून जितकं जास्त कापाल तितकी बाई वाचण्याची शक्यता जास्त.

फिशर यांनी प्रयोगशाळेत प्राण्यांवर काम केलं आणि त्यांना हा तर्क पटेना. कर्करोगाच्या पेशी फार लवकर रक्तात उतरत असतील, तर स्नायू काढून काय साधणार? नुसता वाद घालत न बसता त्यांनी चाचणी उभी केली. कुठल्या रुग्णाला कोणता उपचार मिळेल हे डॉक्टरने नाही, तर चिठ्ठी टाकल्यासारखं नशिबाने ठरायचं. त्या काळच्या सर्जनना हे सहन होणं अवघड होतं, आणि मला फिशर यांचं खरं धाडस इथेच वाटतं.

१९७१ साली सुरू झालेल्या चाचणीत १,६६५ स्त्रिया होत्या. हाल्स्टेडची शस्त्रक्रिया आणि फक्त स्तन काढण्याची शस्त्रक्रिया यांत २५ वर्षांनंतरही जगण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक दिसला नाही. १९७६ पासूनच्या दुसऱ्या चाचणीत फक्त गाठ काढून स्तन राखला. २० वर्षांनी जगण्याचं प्रमाण तेवढंच! मात्र त्याच स्तनात पुन्हा गाठ येण्याचं प्रमाण नुसती गाठ काढलेल्या स्त्रियांत ३९.२ टक्के होतं, तर सोबत रेडिएशन दिलेल्यांत १४.३ टक्के. स्तन राखायचा तर रेडिएशन हवं, हे त्यातूनच कळलं.

या निबंधांना हजारो संदर्भ मिळाले आहेत. पण त्या आकड्याने नेमकं काय सांगितलं? संदर्भ देणारा सहमत आहे की विरोधात, हे मोजणीत कळत नाही. शिवाय एखादी गोष्ट पाठ्यपुस्तकात इतकी मुरली की मूळ निबंधाचं नाव घ्यायची कुणाला गरजच उरत नाही. आज लहान गाठीसाठी स्तन राखणारी शस्त्रक्रिया करणारा प्रत्येक सर्जन फिशर यांच्या निष्कर्षावर उभा असतो, आणि त्या शस्त्रक्रियेची कुठल्याही सूचीत नोंद होत नाही.

सूचीमुळे माणसाचं नुकसानही होऊ शकतं. फिशर यांच्या चाचण्यांत सहभागी असलेल्या मॉन्ट्रियलच्या एका रुग्णालयातले रॉजर प्वासाँ यांनी चाचणीत बसत नसलेल्या काही स्त्रियांच्या नोंदींत फेरफार करून त्यांना आत घेतलं होतं. हे १९९४ मध्ये जाहीर झालं. फेरफार फिशर यांनी केलेला नव्हता, तरी त्यांना चाचण्यांच्या प्रमुखपदावरून दूर केलं गेलं. ‘मेडलाइन’ या वैद्यकीय निबंधांच्या अमेरिकी सरकारी सूचीत त्यांच्या निबंधांपुढे वैज्ञानिक गैरवर्तनाचा शेरा मारला गेला. जगभरातल्या ग्रंथालयांत निबंध शोधणाऱ्या प्रत्येकाला तो शेरा दिसत होता. फिशर न्यायालयात गेले. शेरे निघाले, आणि १९९७ मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठाने त्यांची जाहीर माफी मागून २७ लाख ५० हजार डॉलर दिले. प्वासाँ यांच्या रुग्ण वगळून पुन्हा हिशेब केला तेव्हाही निष्कर्ष तोच आला. हजारो संदर्भ जमायला दशकं लागली होती. त्यांच्यावर संशय यायला सूचीतली एक ओळ पुरली.

फिशर यांच्यासारखाच प्रश्न आपल्याकडेही विचारला गेला. निदान होतानाच कर्करोग शरीरात इतरत्र पसरलेला असेल, तर स्तनातली मूळ गाठ काढून आयुष्य वाढतं का? मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी ३५० स्त्रियांवर चाचणी घेतली आणि २०१५ मध्ये निष्कर्ष छापला. केमोथेरपीनंतर मूळ गाठीवर उपचार झालेल्या गटात निम्म्या स्त्रिया १९.२ महिन्यांपलीकडे जगल्या, तसे उपचार न झालेल्या गटात २०.५ महिन्यांपलीकडे. हा फरक योगायोगाच्या मर्यादेत बसणारा होता. म्हणजे आयुष्य वाढवण्यासाठी अशा स्त्रियांवर ही शस्त्रक्रिया सरसकट करण्याचं कारण उरलं नाही. बडवे यांच्या निबंधाला किती संदर्भ मिळाले हे कुणीही क्षणात पाहू शकतो. तो वाचून किती सर्जननी हातातली सुरी खाली ठेवली, हे शोधायचं तर रुग्णालयांच्या नोंदी वर्षानुवर्षं चाळाव्या लागतील, आणि मला तरी तेच काम जास्त मोलाचं वाटतं.