दर उतरले, कारखाने का वाढले नाहीत?

२०२५ या एका वर्षात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना अल्पमुदतीचे कर्ज देते तो दर, ६.५० टक्क्यांवरून ५.२५ टक्क्यांवर आला. जूनच्या बैठकीत तर एकदम अर्धा टक्का कपात झाली आणि रोख राखीव प्रमाण (ठेवींचा जो हिस्सा बँकांना रिझर्व्ह बँकेकडे ठेवावा लागतो तो) टप्प्याटप्प्याने तीन टक्क्यांवर आणण्याचेही जाहीर झाले. कपात झाली की ठरलेली बातमी येते: कर्ज स्वस्त होणार, उद्योग गुंतवणूक करणार. यातला पूर्वार्ध उशिरा का होईना, खरा ठरतो. उत्तरार्धाबद्दल गेल्या दीड दशकाचा अनुभव वेगळा आहे. चालू किमतींत मोजलेली स्थिर भांडवल निर्मिती, म्हणजे यंत्रे, इमारती, रस्ते यांतली गुंतवणूक, २०११-१२ मध्ये जीडीपीच्या साधारण ३४ टक्के होती. त्यानंतर रेपो दर साडेआठवरून चार टक्क्यांपर्यंत खाली गेला, तरी ते प्रमाण पुन्हा तिथवर पोहोचले नाही.

जुना इतिहास थोडक्यात आटोपता येईल. बँका दोन लाखांवरच्या कर्जांचे दर स्वतः ठरवू लागल्या त्या ऑक्टोबर १९९४ पासून. १९९२ पर्यंत तर नव्या समभागाची विक्रीकिंमतही सरकारी नियंत्रक ठरवत असे. कारखान्यासाठी दहा-पंधरा वर्षांचे कर्ज देणे हे व्यापारी बँकांचे काम मानले जात नव्हते. त्यासाठी १९४८, १९५५ आणि १९६४ मध्ये उभ्या केलेल्या तीन मोठ्या वित्तसंस्था होत्या आणि त्यांना सवलतीच्या दराने निधी मिळे. उदारीकरणानंतर तो निधी आटला. त्यांपैकी एक २००२ मध्ये स्वतःच्याच बँकेत विलीन झाली, दुसरीचे २००४ मध्ये बँकेत रूपांतर झाले. वीज प्रकल्पाला पंधरा वर्षांचे कर्ज आणि हाताशी दोन-तीन वर्षांच्या ठेवी, हा जुगाड सरकारी बँकांच्या गळ्यात पडला तो इथून. सुधारणांच्या कौतुकात या एका बदलाकडे जितके लक्ष जायला हवे होते तितके गेले नाही. पायाभूत प्रकल्पांसाठी पुन्हा वेगळी विकास बँक काढावी लागली ती थेट २०२१ मध्ये.

यंत्रापेक्षा मालमत्तेचा भाव मोठा झाला की काय होते, हे मुंबईकराला वेगळे सांगायला नको. १९८२ च्या संपाने खिळखिळ्या झालेल्या गिरण्यांना जमीन विकायची वाट १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांनी मोकळी केली, ती त्या पैशातून गिरण्या सावरतील या हेतूने. २००१ मध्ये नियम आणखी सैल झाला. परळ भागातले साचे (कापड विणायचे माग) भंगारात गेले आणि तिथे टॉवर उभे राहिले. वित्तीयीकरण, म्हणजे उत्पादनापेक्षा मालमत्तेच्या आणि बाजाराच्या भावांतून कमाई शोधणे, हा शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता.

आजच्या प्रश्नाची खरी सुरुवात २००८ ची. त्याआधीच्या पाच वर्षांत खासगी कंपन्यांची गुंतवणूक झपाट्याने वाढून २००७-०८ मध्ये जीडीपीच्या सुमारे १७ टक्क्यांवर गेली होती. जागतिक संकट कोसळल्यावर ऑक्टोबर २००८ ते एप्रिल २००९ एवढ्या अवधीत रेपो दर नऊवरून पावणेपाच टक्क्यांवर आणला गेला. सोबत कर्जांच्या पुनर्रचनेची सवलत मिळाली, म्हणजे हप्ता थकला तरी खाते चांगले म्हणून दाखवता येई. स्वस्त पैसा वीज, पोलाद, रस्ते आणि दूरसंचारात ओतला गेला. मग महागाई डोक्यावर बसली आणि ऑक्टोबर २०११ पर्यंत दर साडेआठ टक्क्यांवर गेला. फेब्रुवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १२२ दूरसंचार परवाने रद्द केले, सप्टेंबर २०१४ मध्ये २०० हून अधिक कोळसा खाणींचे वाटप रद्द केले. अर्धवट प्रकल्प, पूर्ण कर्ज आणि त्यावर चढते व्याज अशी स्थिती झाली. पैसा सैल असताना घेतलेले निर्णय पैसा आवळल्यावर फेडायचे होते.

२०१५ मध्ये मध्यवर्ती बँकेने कर्जखात्यांची खोलात तपासणी लावली आणि झाकलेले सगळे उघडे पडले. बुडीत कर्जांचे प्रमाण मार्च २०१८ मध्ये ११ टक्क्यांच्या पुढे गेले. गंमत अशी की याच काळात, जानेवारी २०१५ ते ऑगस्ट २०१७ मध्ये, रेपो दर आठवरून सहा टक्क्यांवर आला होता. कपात झाली, पण कर्जात बुडालेल्या कंपनीला नवे कर्ज नको होते आणि तोट्यातल्या बँकेला ते द्यायचे नव्हते. व्याजात वाचलेला पैसा जुनी देणी फेडण्यात गेला. २०१६ चा दिवाळखोरी कायदा आल्यावर प्रवर्तकाला कंपनीच हातची जाण्याची भीती वाटू लागली. आपल्याकडे कर्ज काढून विस्तार करण्याची हौस कमी झाली त्यात या भीतीचा वाटा व्याजदरापेक्षा मोठा असावा, असे माझे मत आहे.

बँका कपात खाली पोहोचवत नाहीत, ही तक्रार जुनीच. त्यासाठी २०१० मध्ये आधार दर, २०१६ मध्ये निधीच्या सीमांत खर्चावर आधारलेला दर आणि ऑक्टोबर २०१९ पासून रेपोसारख्या बाह्य मापदंडाशी सक्तीची जोडणी असे प्रयोग झाले. २०१९ मध्ये फेब्रुवारी ते ऑगस्टदरम्यान रेपो दर एकूण १.१० टक्क्याने उतरला. नव्या कर्जांचा सरासरी दर उतरला जेमतेम ०.२९ टक्का, आणि आधी दिलेल्या कर्जांचा तर किंचित वाढला. बाह्य मापदंडाची सक्ती झाली ती घरकर्जे, वाहनकर्जे आणि लहान उद्योगांसाठी. मोठ्या कंपन्यांची कर्जे त्या सक्तीबाहेरच राहिली. गुंतवणुकीला चालना द्यायची म्हणून दर कापायचा आणि ज्यांनी गुंतवणूक करायची त्यांनाच या जोडणीतून वगळायचे, यातला विरोधाभास फार कमी जणांनी बोलून दाखवला.

या पार्श्वभूमीवर २० सप्टेंबर २०१९ चा दिवस येतो. वस्तू व सेवा कर परिषदेच्या बैठकीसाठी पणजीत आलेल्या अर्थमंत्र्यांनी बैठकीआधीच पत्रकारांना बोलावले आणि कंपनी करात कपात जाहीर केली. मूळ दर ३० टक्क्यांवरून २२ टक्के. अधिभार-उपकर धरून मोठ्या कंपनीचा बोजा ३४.९४ टक्क्यांवरून २५.१७ टक्क्यांवर. नव्या उत्पादक कंपन्यांना १५ टक्के. वटहुकूम त्याच दिवशी निघाला आणि दर एप्रिलपासून मागच्या तारखेने लागू झाला. सरकारी अंदाजानुसार सोडलेला महसूल १ लाख ४५ हजार कोटी रुपये होता. सेन्सेक्स त्या दिवशी १,९०० हून अधिक अंकांनी उसळला.

या निर्णयावर आजही वाद आहे, आणि वादाचा मुद्दा नेमका काय ते बहुतेक चर्चांत निसटते. त्याच वर्षी जुलैच्या अर्थसंकल्पात ४०० कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या कंपन्यांना २५ टक्के दर दिला गेला होता आणि त्यात ९९.३ टक्के कंपन्या येतात, असे भाषणातच सांगितले होते. म्हणजे सप्टेंबरचा खरा घसघशीत लाभ उरलेल्या ०.७ टक्के बड्या कंपन्यांना होता. दुसरे म्हणजे २२ टक्क्यांचा दर हवा असेल तर सवलती सोडायच्या होत्या, आणि त्या सवलतींत नव्या यंत्रांवरचा अतिरिक्त घसारा (यंत्राची झीज म्हणून नफ्यातून मिळणारी जादा वजावट) होता. २५ कोटींहून जास्त यंत्रसामग्री घेणाऱ्याला मिळणारी १५ टक्के गुंतवणूक वजावट मार्च २०१७ मध्येच संपली होती. थोडक्यात, यंत्र घेतले तर सूट, ही रचना जाऊन नफा आहे तर सूट, ही रचना आली. जुन्याच कारखान्यातून कमावलेल्या नफ्यावरचा कर उतरला, नवा कारखाना काढायची अट कुठेच नव्हती. १५ टक्क्यांची तरतूद तेवढी अपवाद, पण तिची मुदत एकदा वाढवून मार्च २०२४ मध्ये संपली.

समर्थकांची बाजू अगदीच लंगडी नाही. चीनमधून बाहेर पडणाऱ्या कारखान्यांसाठी आग्नेय आशियातले देश २० टक्क्यांच्या आसपास कर आकारत होते, तिथे ३५ टक्के घेऊन स्पर्धा कशी करणार? शिवाय सहा महिन्यांत कोविड आला, त्यामुळे निर्णयाची परीक्षा नीट झालीच नाही. हे दोन्ही मुद्दे बरोबर आहेत. पण कोविडआधीच कारखान्यांच्या क्षमतेचा वापर ७० टक्क्यांच्या खाली घसरला होता. तीस टक्के यंत्रे थंड पडलेली असताना नवी कोण बसवील? ऑगस्ट २०२० मधल्या मध्यवर्ती बँकेच्या वार्षिक अहवालात सरळ नोंद आहे की करकपातीचा पैसा कर्जफेड, रोख शिल्लक आणि इतर चालू मालमत्तांकडे वळला, भांडवली खर्चाचे चक्र त्याने फिरले नाही. सरकारच्या तिजोरीत कंपनी कर २०१८-१९ मध्ये ६.६३ लाख कोटी आला होता, तो पुढच्या वर्षी ५.५७ लाख कोटींवर आला.

पणजीच्या त्याच घोषणेतली एक छोटी ओळ अनेकांच्या लक्षात राहिली नाही. ५ जुलैपूर्वी समभाग पुनर्खरेदी, म्हणजे भागधारकांकडून स्वतःचेच समभाग परत विकत घेणे, जाहीर केलेल्या सूचिबद्ध कंपन्यांना पुनर्खरेदीवरच्या नव्या २० टक्के करातून सूट मिळाली. पुनर्खरेदीला आपल्याकडे मुभा मिळाली १९९८ च्या वटहुकमाने. भरणा झालेले भांडवल आणि मुक्त राखीव निधी यांच्या २५ टक्क्यांपर्यंत, अशी मर्यादा होती. बरीच वर्षे हा मार्ग फारसा चालला नाही. २०१६ मध्ये दहा लाखांवरच्या लाभांशावर भागधारकाच्या हातात दहा टक्के कर लागला आणि प्रवर्तकांना लाभांशापेक्षा पुनर्खरेदी सोयीची वाटू लागली. मुंबईत मुख्यालय असलेल्या एका माहिती-तंत्रज्ञान कंपनीने २०१७ आणि २०१८ मध्ये प्रत्येकी १६,००० कोटींची पुनर्खरेदी केली. पुनर्खरेदी कारखान्यांचा पैसा खाते, ही पश्चिमेकडची टीका जशीच्या तशी इथे चिकटवणे मात्र चूक ठरेल. सॉफ्टवेअर कंपनीला धुराडे उभारायचे नसते. तिने भागधारकांना पैसे परत केले म्हणून एखादा कारखाना राहिला असे म्हणता येत नाही.

आपल्याकडचे वित्तीयीकरण शोधायचे तर ते नफा-तोटा पत्रकातल्या ‘अन्य उत्पन्न’ या ओळीत आणि प्रारंभिक समभाग विक्रीच्या माहितीपत्रकात शोधावे. कंपन्या शिल्लक रोकड लिक्विड आणि रोखे फंडांत ठेवतात. दर उतरले की रोख्यांचे भाव चढतात, म्हणजे कपातीचा पहिला फायदा कंपनीच्या खजिना विभागाला होतो, तोही एक वीट न रचता. समभाग विक्रीची तऱ्हाही बदलली. पूर्वी माहितीपत्रकात नवा प्रकल्प, त्याची जागा आणि क्षमता असे. आता बऱ्याचदा जुन्या मालकाची ‘ऑफर फॉर सेल’ असते आणि त्यातला एक रुपयाही कंपनीत येत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये एका परदेशी मोटार कंपनीच्या भारतीय शाखेने २७,८७० कोटींची तोवरची सर्वांत मोठी विक्री केली. सगळी रक्कम मूळ कंपनीकडे गेली. घेणाऱ्यांच्या मागे दरमहा येणारा एसआयपीचा, म्हणजे म्युच्युअल फंडांतल्या ठरावीक हप्त्यांचा, पैसा होता, जो त्याच वर्षी एप्रिलमध्ये महिन्याला २०,००० कोटींच्या पुढे गेला होता. घरातली बचत बाजारात येते, बाजार वर जातो आणि आधीचे गुंतवणूकदार बाहेर पडतात. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये सरकारच्या मुख्य आर्थिक सल्लागारांनी मुंबईतच, उद्योगांच्या व्यासपीठावर, बाजारमूल्य जीडीपीच्या १४० टक्क्यांच्या आसपास गेल्याचे सांगत वित्तीयीकरणाबद्दल सावध केले होते.

सप्टेंबर २०२२ मध्ये अर्थमंत्र्यांनी उद्योगपतींना विचारले होते, तुम्ही हनुमानासारखे आहात का, स्वतःच्या शक्तीवर तुमचा विश्वास नाही का? तोवर मे महिन्यात दरवाढ सुरू झाली होती आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत रेपो साडेसहावर गेला. व्याज महागल्यावर तरी गुंतवणूक कोसळायला हवी होती, पण तसे घडले नाही. जी वाढ दिसली ती बरीचशी सरकारी पैशाची होती: केंद्राचा भांडवली खर्च २०१९-२० मध्ये ३.३६ लाख कोटी होता, २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात तो ११.११ लाख कोटी ठेवला गेला. त्या जोडीला सिमेंट, पोलाद, विमानतळ आणि सौरऊर्जेत काही निवडक खासगी गट उतरले, कारण तिथे मागणी दिसत होती. जुलै २०२४ च्या आर्थिक पाहणीने ३३,००० हून अधिक कंपन्यांचा करपूर्व नफा २०२० ते २०२३ या आर्थिक वर्षांत जवळपास चौपट झाल्याचे सांगितले आणि नोकरभरती व पगार मागे राहिल्याची कुरकुरही केली.

ऑक्टोबर २०२४ पासून पुनर्खरेदीची रक्कम लाभांशाप्रमाणे भागधारकाच्या उत्पन्नात धरली जाऊ लागली. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये बेंगळुरूच्या एका माहिती-तंत्रज्ञान कंपनीने १८,००० कोटींची पुनर्खरेदी जाहीर केली आणि प्रवर्तकांनी आपण त्यात भाग घेणार नसल्याचे कळवले.