क्रोनच्या भगंदरावरील मूलपेशी उपचार

क्रोन हा आतड्याच्या दीर्घकालीन दाहाचा आजार. त्यात गुदद्वाराभोवती होणारा भगंदर बुजावा म्हणून चरबीतून किंवा अस्थिमज्जेतून मिळवलेल्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या मूलपेशी (स्टेम सेल) भगंदराच्या भिंतीत टोचण्याची ही पद्धत आहे. पचनमार्गाच्या शस्त्रक्रियेत मूलपेशींचा इतका पुढे गेलेला दुसरा प्रयोग नाही. २०१८ मध्ये युरोपात तिच्यावर आधारित औषधाला मंजुरी मिळाली. २०२३ मध्ये मोठी चाचणी अपयशी ठरली आणि २०२४ च्या अखेरीस ते औषध युरोपच्या बाजारातून मागे घेतले गेले.

भगंदर आणि क्रोन

भगंदर म्हणजे एक तोंड गुदमार्गाच्या आत आणि दुसरे बाहेर कातडीवर असलेली, पू वाहणारी नळी. साधा भगंदर बहुधा गुदग्रंथीतल्या गळवापासून होतो. तो उथळ असला तर शल्यचिकित्सक नळी उभी चिरून उघडी करतात आणि जखम तळापासून भरत येते. क्रोनमध्ये हे जमत नाही, कारण दाह आतड्याच्या भिंतीच्या पूर्ण जाडीत असतो. नळीला फाटे फुटतात, तोंडे वाढतात आणि मार्ग मलावरोधक स्नायूंच्या आरपार जातो. तो चिरायचा म्हणजे स्नायू कापायचा, आणि स्नायू जास्त कापला गेला की रुग्णाचा शौचावरचा ताबा जातो. मार्ग स्नायूंच्या मधून, आरपार, वरून की पूर्ण बाहेरून जातो यावर आधारलेले ब्रिटिश शल्यचिकित्सक पार्क्स यांचे १९७६ चे चार प्रकारांचे वर्गीकरण आजही वापरतात. सुश्रुतांनी सांगितलेल्या पाच प्रकारांपैकी ‘शतपोनक’ म्हणजे चाळणीसारख्या अनेक छिद्रांचा भगंदर. क्रोनचा जुनाट भगंदर पाहिलेल्या माणसाला हे नाव लगेच पटते. अर्थात नावातले साम्य म्हणजे आजारही तोच, असे म्हणता येत नाही.

भारतात पहिली अडचण निदानाची असते. आतड्याचा क्षय आणि क्रोन एकमेकांसारखे दिसतात, आणि क्षयामुळेही भगंदर होतो. क्षय असताना क्रोन समजून इन्फ्लिक्सिमॅबसारखे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध दिले तर क्षय अंगभर पसरू शकतो. त्यामुळे मार्गातला तुकडा ऊतक-तपासणीला आणि क्षयाच्या चाचणीला पाठवल्याशिवाय पुढचे पाऊल टाकत नाहीत. त्यानंतर कटिभागाचा एमआरआय, पू साठलेला असल्यास त्याचा निचरा आणि मार्गातून सैल दोरा (सेटन) हा क्रम ठरलेला आहे. सैल दोरा काही कापत नाही. तो नळी वाहती ठेवतो, म्हणजे बाहेरचे तोंड आधी मिटून आत गळू होत नाही. सोबत इन्फ्लिक्सिमॅब सुरू होते. किलोमागे ५ मिलिग्रॅम या मात्रेने ते आरंभी, दुसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात शिरेतून देतात, पुढे दर आठ आठवड्यांनी.

या सैल दोऱ्याची आयुर्वेदातल्या क्षारसूत्राशी गल्लत होते. निवडुंगाचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांचे २१ लेप दिलेला हा धागा मार्ग हळूहळू कापत जातो आणि आठवड्याला बदलला जातो. साध्या भगंदरात त्याचे फळ चांगले आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या बहुकेंद्री चाचणीत क्षारसूत्राने जखम भरायला शस्त्रक्रियेच्या दुप्पट, म्हणजे सुमारे आठ आठवडे लागले, पण भगंदर उलटण्याचे प्रमाण ११ ऐवजी ४ टक्के निघाले. मात्र क्रोनमध्ये कापणारा कोणताही धागा टाळतात, कारण दाहाने खराब झालेला स्नायू एकदा कापला की नीट जुळून येत नाही.

कोणत्या पेशी

‘मूलपेशी’ या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात. आतड्याच्या अस्तराच्या स्वतःच्या मूलपेशी अस्तरातल्या खोल खळग्यांच्या तळाशी असतात. अस्तर चार-पाच दिवसांत नवे होते ते त्यांच्यामुळे. २००७ मध्ये नेदरलँड्समधल्या हान्स क्लेव्हर्स यांच्या गटाने एलजीआर-५ या खुणेवरून त्या ओळखल्या. दुसऱ्या रक्त घडवणाऱ्या मूलपेशी. त्यांचे प्रत्यारोपण करून प्रतिकारयंत्रणाच नव्याने उभी करायची, हा वेगळा आणि धोक्याचा मार्ग आहे. युरोपातल्या ४५ रुग्णांच्या चाचणीत (२०१५) त्याने ठरवलेले उद्दिष्ट गाठले नाही आणि एक रुग्ण दगावला. भगंदरात टोचतात त्या तिसऱ्या, संयोजी ऊतकातल्या ‘मेसेन्कायमल’ पेशी.

मेसेन्कायमल पेशी कशाला म्हणायचे याचे किमान निकष २००६ मध्ये ठरले. पेशी प्लास्टिकच्या भांड्याला चिकटून वाढल्या पाहिजेत. सीडी-७३, सीडी-९० आणि सीडी-१०५ या पृष्ठभागावरच्या प्रथिनांच्या खुणा ९५ टक्के किंवा अधिक पेशींवर हव्यात, आणि सीडी-४५ सारख्या रक्तपेशींच्या खुणा २ टक्क्यांहून जास्त पेशींवर नकोत. शिवाय प्रयोगशाळेत त्यांच्यापासून हाड, चरबी आणि कूर्चा घडवता आली पाहिजे. पण भगंदरात त्या यातले काहीच घडवत नाहीत. दाहाच्या जागी इंटरफेरॉन-गॅमा हे दाहाचा संदेश देणारे प्रथिन भेटले की त्या आयडीओ नावाचे विकर (एन्झाइम) बनवू लागतात, प्रतिकारयंत्रणेतल्या टी-पेशींचा जोर कमी होतो आणि दाह आवरणाऱ्या नियामक टी-पेशी वाढतात. आपले काम करून त्या थोड्याच काळात नाहीशा होतात. १९९१ मध्ये ‘मेसेन्कायमल स्टेम सेल’ हे नाव रूढ करणारे अरनॉल्ड कॅप्लान यांनीच २०१७ मध्ये ते बदलावे असे लिहिले. वैद्यकीय व्यवहारात मात्र जुनेच नाव चिकटून राहिले, आणि ‘मूलपेशी टोचल्या की नवे मांस तयार होते’ हा रुग्णांचा गैरसमजही त्याच नावातून येतो.

माद्रिद ते मंजुरी

सुरुवात माद्रिदमध्ये दामियान गार्सिया-ओल्मो यांच्या गटाने केली. २००३ मध्ये त्यांनी क्रोनच्या एका रुग्ण स्त्रीच्या गुदमार्ग-योनीमार्ग भगंदरात तिच्याच चरबीतल्या पेशी टोचल्याचे प्रसिद्ध केले. स्वतःच्या पेशींची अडचण वेळेची असते. चरबी काढायची, कोलॅजनेज विकराने ती विरघळवायची आणि पेशी वाढवायच्या यात आठवडे जातात, आणि कधी त्या हव्या तितक्या वाढतच नाहीत. दक्षिण कोरियाने तरी २०१२ मध्ये असे स्वपेशींचे उत्पादन मंजूर केले. युरोपने निरोगी दात्याच्या पेशी आधीच वाढवून ठेवण्याचा रस्ता धरला. त्यातून आलेले डार्वाडस्ट्रोसेल (व्यापारी नाव अलोफिसेल) मार्च २०१८ मध्ये मंजूर झाले. दात्याच्या पेशींमधले हे युरोपात मंजूर झालेले पहिले मूलपेशी औषध.

मात्रा किती द्यावी याचा अंदाज सोपा नाही. नेदरलँड्समधल्या लायडन इथे २१ रुग्णांवर झालेल्या चाचणीत (२०१५) अस्थिमज्जेतल्या १, ३ किंवा ९ कोटी पेशी टोचल्या गेल्या. ३ कोटींचा गट ९ कोटींच्या गटाहून सरस ठरला. डार्वाडस्ट्रोसेलची मात्रा मात्र १२ कोटी होती.

शस्त्रक्रिया

डार्वाडस्ट्रोसेल युरोपात वापरात असताना पद्धत अशी होती. प्रत्यक्ष टोचणीच्या दोन-तीन आठवडे आधी रुग्णाला भूल देऊन मार्ग तपासतात, खरवडतात, पू काढतात आणि सैल दोरा घालतात. याच वेळी गुदाशयाच्या अस्तराचा दाह पाहतात. तो जोरात असेल तर पेशी मागवत नाहीत, आधी औषधाने तो शमवतात. औषधाला मर्यादा होती ती जास्तीत जास्त दोन आतली आणि तीन बाहेरची तोंडे एवढी.

पेशी चार व्हायलमध्ये (औषधाच्या छोट्या बाटल्यांत) येतात. प्रत्येकीत ६ मिलिलिटर द्रवात ३ कोटी पेशी असतात. पेशी जिवंत असल्याने त्यांचे आयुष्य दोन-तीन दिवसांचेच. त्या १५ ते २५ अंशांत ठेवाव्या लागतात, फ्रिजमध्ये टाकल्या तर वाया गेल्या. त्यामुळे शस्त्रक्रियेची तारीख विमानाच्या वेळेवर ठरते, आणि रुग्णाला त्या दिवशी ताप आला तर सगळा माल फुकट जातो.

टेबलावर क्रम असा. दोरा काढतात. धातूच्या खरवडणीने मार्ग आतून, विशेषतः आतल्या तोंडाजवळ, जोर लावून खरवडतात, कारण नळीचे अस्तर शिल्लक राहिले तर ती पुन्हा नळीच राहणार. मग सलाइनने धुतात. धुवायला फक्त ०.९ टक्के सलाइन वापरतात. हायड्रोजन पेरॉक्साइड, आयोडीन, मेथिलीन ब्लू यांपैकी काहीही लावायचे नाही आणि जागा बधिर करणारे लिग्नोकेनही टोचायचे नाही, कारण पेशी मरतात. एरवी भगंदराचे आतले तोंड शोधायला पेरॉक्साइड किंवा मेथिलीन ब्लू सोडणे हा अनेक शल्यचिकित्सकांच्या हाताला लागलेला रिवाज आहे. हा रिवाज मोडणे जड जाते आणि चूक नेमकी इथेच होते.

आतले तोंड विरघळणाऱ्या टाक्याने बंद करतात. दाहाने ठिसूळ झालेल्या अस्तरात टाका पटकन कापत जातो, म्हणून थोडे निरोगी ऊतक धरून घ्यावे लागते. व्हायल हलक्या टिचक्या मारून मिसळायची, घुसळायची नाही. फेस झाला की पेशी फुटतात. सुई २२ गेजपेक्षा बारीक नको, अरुंद सुईतून जाताना पेशींना इजा होते. दोन व्हायल आतल्या तोंडाभोवती आणि उरलेल्या दोन बाहेरच्या तोंडातून सुई घालून मार्गाच्या भिंतीत टोचतात. टोचणी २ मिलिमीटरपेक्षा खोल नाही, आणि एकाच जागी नव्हे तर थोडी थोडी अनेक ठिकाणी. सुई पोकळीत उतरली तर औषध बाहेरच्या तोंडातून गादीवर गळते, आणि ते गळालेले गढूळ थेंब दिसले की सुई कुठे गेली ते कळते. शेवटी बाहेरच्या तोंडाभोवती २०-३० सेकंद हलके चोळून पट्टी लावतात. त्यानंतरचे नेहमीचे त्रास म्हणजे गुदभागात गळू आणि दुखणे. त्यातल्या किती त्रासांना पेशी जबाबदार आणि किती खरवडण्याला, हे वेगळे काढणे अवघड, कारण चाचण्यांत तुलनेसाठी पेशींऐवजी नुसते सलाइन टोचलेल्यांतही ते दिसतात.

चाचण्यांचे आकडे

डार्वाडस्ट्रोसेलच्या पहिल्या मोठ्या चाचणीत (२०१६) २१२ रुग्ण होते; एका गटाला पेशी आणि दुसऱ्याला तुलनेसाठी सलाइन टोचले. यश म्हणजे बोटाने हलके दाबल्यावरही बाहेरच्या तोंडातून काही न येणे, आणि एमआरआयमध्ये २ सेंटिमीटरहून मोठा पूसंचय नसणे. पेशींचा द्रव गढूळ आणि सलाइन नितळ, त्यामुळे शल्यचिकित्सकाला टोचतानाच उमजत होते. म्हणून निकाल ठरवण्याचे काम त्याच्याकडे न देता गटाबद्दल अनभिज्ञ ठेवलेल्या पोटविकारतज्ज्ञाकडे आणि क्षकिरणतज्ज्ञाकडे दिले. २४ आठवड्यांनी पेशींच्या गटात ५० टक्के आणि सलाइनच्या गटात ३४ टक्के रुग्ण बरे होते.

अमेरिकेतील मंजुरीसाठी दुसरी, ५६८ रुग्णांची चाचणी झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिचे अपयश जाहीर झाले. आकडे होते ४८.८ आणि ४६.३ टक्के. आकडे शेजारी ठेवून पाहिले तर पेशींचा गट जवळजवळ जागचा हललेला नाही, वर आला तो सलाइनचा गट. आणि त्या गटाला केवळ सलाइन मिळाले नव्हते. त्यालाही तीच खरवडण, तोच निचरा, तोच दोरा आणि आतल्या तोंडाला तोच टाका मिळाला होता. क्रोनचा भगंदर इतक्या नेटाने साफ करून आतले तोंड शिवले तर नेहमीच्या औषधांच्या जोडीने जवळपास निम्मे रुग्ण सहा महिन्यांत कोरडे राहतात. पेशींच्या संशोधनातून शल्यचिकित्सकाच्या हाती लागलेली ठोस गोष्ट ही. औषधाची मंजुरी डिसेंबर २०२४ मध्ये कंपनीच्याच विनंतीवरून रद्द झाली.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने वेगळी युक्ती केली. रुग्णाच्या स्वतःच्या पेशी, शरीरात विरघळून जाणाऱ्या जाळीदार बुचावर वाढवून ते बूचच मार्गात बसवले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या मालिकेत १२ पैकी १० रुग्णांचा भगंदर सहा महिन्यांनी बुजलेला होता. पण त्या मालिकेत तुलनेचा गट नव्हता, आणि वरचे ४६.३ टक्के माहीत झाल्यावर त्याची उणीव जास्तच जाणवते.

भारतातील नियम

२०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांतले प्रत्यारोपण सोडले तर मूलपेशींचा वापर हे संशोधनच समजले जाते, आणि संशोधनात सामील झालेल्या रुग्णाकडून त्यासाठी पैसे घेता येत नाहीत. २०१९ च्या नव्या औषधांविषयीच्या नियमांत मूलपेशींपासूनचे उत्पादन नेहमीच ‘नवीन औषध’ धरले जाते. भगंदरासाठी ‘स्टेम सेल पॅकेज’चा दर सांगणाऱ्या दवाखान्यात म्हणूनच दोन गोष्टी मागाव्यात: सीटीआरआय या चाचणी-नोंदवहीतला क्रमांक आणि नैतिकता समितीच्या मंजुरीची प्रत.