पाळीव बेडकासाठी काचपेटी : कोकणच्या हवेत ती कशी उभारावी

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या कार्यशाळेत माशांच्या टाक्यांबरोबर बेडकांसाठीच्या काचपेट्याही तयार होतात. पेटी नेणाऱ्या प्रत्येक ग्राहकाला आम्ही हे पत्रक देतो आणि बेडूक आणण्यापूर्वी ते एकदा पूर्ण वाचावे, अशी विनंती करतो. बेडूक पाळण्याविषयी जी माहिती सहज हाती लागते, ती बहुतेक थंड आणि कोरड्या हवेच्या देशांतील घरे डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असते. तिथल्या माणसाला पेटी उबदार कशी ठेवावी आणि आतला ओलावा कसा टिकवावा, ही काळजी असते. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या आपल्या किनारपट्टीवर प्रश्न नेमका उलटा आहे. इथे ऊब आणि दमटपणा न बोलावता घरात येतात. ते पेटीत कोंडून राहणार नाहीत, एवढे पाहावे लागते. पेटीची आमची सगळी रचना या एका गोष्टीभोवती उभी आहे.

कोणता बेडूक

पावसाळ्यात विहिरीच्या काठी किंवा शेताच्या बांधावर सापडलेला बेडूक ठेवण्यासाठी आम्ही पेटी विकत नाही. आपल्याकडील बेडूक हे वन्यजीव आहेत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण दिले आहे, आणि बेडकांच्या पायांची निर्यातही आपल्या देशाने 1987 मध्ये बंद केली. आंबोलीच्या सड्यावरील आंबोली टोड आणि आंबोलीचे नाव लाभलेला छोटा झुडपी बेडूक यांची शास्त्रात नोंद झाली ती 2009 मध्ये. ज्या प्राण्यांची ओळख पटून इतकी थोडी वर्षे झाली, ते हौसेसाठी पिशवीत घालून खाली आणणे आम्हाला मान्य नाही, आणि तसे कोणी विचारल्यास आम्ही स्पष्ट नकार देतो.

पाळण्यासाठी बंदिवासात जन्मलेला परदेशी बेडूकच घ्यावा आणि विक्रेत्याकडून पावती व त्याच्या उगमाचा लेखी पुरावा मागून घ्यावा. लाल डोळ्यांचा झाडबेडूक, विषारी डार्ट फ्रॉग अशा काही जाती सायटीस या वन्यजीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत. 2024 च्या नियमांनुसार अशा जिवंत प्राण्यांची नोंदणी परिवेश या शासकीय पोर्टलवर करावी लागते. मासेवाल्यांकडे मिळणारा पांढरा, लाल डोळ्यांचा पाणबेडूक हा आफ्रिकेतला आहे आणि तो आयुष्यभर पाण्यातच राहतो. त्याला थंड पाणी मानवते, त्यामुळे आपल्या मे महिन्यात तो घेऊ नये, असे आमचे मत आहे.

पुढील माहिती ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीतील हिरव्या झाडबेडकासाठी आहे. त्याला व्हाइट्स ट्री फ्रॉग किंवा डम्पी फ्रॉग म्हणतात. तो सुमारे 10 सेंटिमीटरपर्यंत वाढतो, स्वभावाने शांत आहे आणि आपल्या हवेशी बऱ्यापैकी जुळवून घेतो. मात्र नीट सांभाळल्यास तो 15 वर्षांहून अधिक जगतो, हे लक्षात ठेवूनच निर्णय घ्यावा. शाळकरी मुलाच्या हट्टापायी आणलेला बेडूक ते मूल नोकरीला लागले तरी घरात असू शकतो.

पेटीची रचना

झाडबेडूक उंचीवर राहणारा असल्याने त्याची पेटी रुंद असण्यापेक्षा उंच असावी. एका किंवा दोन बेडकांसाठी 45 सेंटिमीटर लांब, तेवढीच रुंद आणि 60 सेंटिमीटर उंच पेटी आम्ही सुचवतो. 5 मिलिमीटर जाडीच्या काचेची अशी पेटी रिकामीच सुमारे 15 किलो भरते; आतली माती, लाकूड आणि पाणी धरून ती 20 किलोच्या पुढे जाते, त्यामुळे ती भिंतीतल्या हलक्या फळीवर ठेवू नये.

पेटीचा दरवाजा पुढच्या बाजूला असतो, कारण वरून हात आत आला की बेडूक भक्षक आल्यासारखा घाबरतो. दरवाजाच्या खाली जाळीची एक आडवी पट्टी असते आणि वरचे झाकण संपूर्ण जाळीचे असते. आतली उबदार हवा वर जाऊन झाकणातून बाहेर पडते आणि तिच्या जागी खालच्या पट्टीतून ताजी हवा आत ओढली जाते. चुलीच्या धुराड्यात जे घडते, तेच इथे सावकाश घडते. या दोनपैकी एकही जाळी कापडाने, वर्तमानपत्राने किंवा वर ठेवलेल्या सामानाने बंद करू नये. सुरुवातीच्या काळात आम्ही ओलावा टिकावा म्हणून पूर्ण काचेचे झाकण बसवून एक पेटी दिली होती. जुलैच्या अखेरीस त्या बेडकाच्या पोटाखालची आणि मांड्यांची कातडी लाल झाली. सतत ओल्या, कोंदट हवेत जिवाणूंचा संसर्ग असाच सुरू होतो. चूक आमचीच होती, आणि तेव्हापासून काचेचे झाकण आम्ही कोणी मागितले तरी बनवत नाही.

जाळी स्टेनलेस स्टीलची किंवा नायलॉनची असते. समुद्रावरच्या खाऱ्या वाऱ्याने साधी लोखंडी जाळी एका पावसाळ्यात गंजते. जस्ताचा मुलामा दिलेली जाळी आणि तांब्याची तार तर बेडकाला विषारी ठरते, कारण तो कातडीतून पाणी पितो आणि पाण्यात जे विरघळले असेल ते त्याच्या अंगात जाते. हीच बाब काच जोडणाऱ्या सिलिकॉनची. आम्ही माशांच्या टाकीसाठीचेच सिलिकॉन वापरतो. न्हाणीघरासाठीच्या सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक मिसळलेले असते, म्हणून घरी एखादा सांधा दुरुस्त करताना ते वापरू नये.

पेटी कुठे ठेवावी

माजघरातील किंवा आतल्या खोलीतील, ऊन न येणारी भिंत सर्वांत चांगली. खिडकीतून अर्धा तास जरी थेट ऊन पडले, तरी काचेच्या आतले तापमान झपाट्याने वाढते. पडवीत पावसाची झड येते, स्वयंपाकघरात फोडणीचा धूर असतो आणि पत्र्याच्या छपराखालची खोली एप्रिलपासून दुपारी तापलेली असते; या तिन्ही जागा टाळाव्यात. कौलारू घरात जागा निवडणे सोपे जाते. स्लॅबच्या घरात सर्वांत वरचा मजला सोडून खालची खोली निवडावी.

तळ आणि आतली मांडणी

नवीन बेडूक पहिले 30 दिवस ओल्या, रंग नसलेल्या टिश्यू कागदावरच ठेवावा, म्हणजे त्याची विष्ठा दिसते आणि आजार लवकर कळतो. त्यानंतर तळाशी गोल खड्यांचा थर, त्यावर नायलॉनची जाळी आणि त्यावर सात-आठ सेंटिमीटर काथ्याचा भुसा घालावा. भुशातले जादा पाणी खड्यांत उतरते आणि भुसा कुजत नाही. आपल्याकडे नारळाची सोडणे पुष्कळदा खाडीच्या पाण्यात भिजत घालतात आणि ते मीठ भुशात राहते, म्हणून भुसा गोड्या पाण्यात किमान तीन वेळा धुऊन, पिळून मगच वापरावा. किनाऱ्यावरची वाळू, शिंपले आणि वाहून आलेले लाकूड कितीही सुंदर दिसले तरी त्याच कारणाने वर्ज्य आहे. जांभ्याचे तुकडेही घालू नयेत. त्यांच्या खरखरीत कडांनी नाजूक कातडी सोलवटते. बेडूक भक्ष्यावर झेप घेताना जे तोंडात येईल ते गिळतो, त्यामुळे त्याच्या डोक्यापेक्षा लहान खडा वरच्या थरात एकही नसावा.

वर पसरायला फणसाची वाळलेली पाने उत्तम. ती उकळत्या पाण्यातून काढून घ्यावीत. हापूसच्या बागेतली पाने मात्र घेऊ नयेत. मोहोर आल्यापासून फळ तयार होईपर्यंत तुडतुडे आणि फुलकिड्यांसाठी तिथे फवारण्या होत असतात, आणि माणसाला जाणवणारही नाही इतका औषधाचा अंश बेडकाला पुरेसा असतो.

चढण्यासाठी जाड बांबूचे तुकडे तिरके आणि उभे लावावेत. कापलेल्या कडा पॉलिश कागदाने घासून गुळगुळीत कराव्यात. मनी प्लांटची कुंडी ठेवली तर पानांआड बेडकाला आडोसा मिळतो आणि तो दिवसा निवांत झोपतो. मातीचे न भाजलेले किंवा रंगवलेले भांडे न घेता कुंभाराकडचे साधे भाजलेले मडके अर्धे फोडून, कडा घासून, भुशात आडवे रोवावे. त्याची माती पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात ती पेटीतली सर्वांत थंड जागा होते.

पाणी

बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. पाण्यात बसून तो पोटाखालच्या आणि मांड्यांच्या कातडीने ते शोषतो. म्हणून पाण्याचे भांडे उथळ, तो आरामात बसेल एवढे रुंद, आणि पाणी त्याच्या हनुवटीखाली राहील इतकेच असावे. पाणी रोज बदलावे. बेडूक बहुधा त्यातच विष्ठा करतो, आणि तिच्यातून तयार होणारा अमोनिया पुन्हा त्याच्याच अंगात जातो.

नळाच्या पाण्यातले क्लोरीन पसरट भांड्यात 24 तास उघडे ठेवल्यास निघून जाते. घाई असेल तर माशांच्या टाकीसाठी मिळणारे क्लोरीन काढण्याचे थेंब वापरावेत. विहिरीचे पाणी एरवी चांगले, पण त्याबाबत दोन गोष्टी आपल्या भागात विशेष पाहाव्या लागतात. पावसाळ्यात ग्रामपंचायतीकडून सार्वजनिक विहिरीत टीसीएल पावडर, म्हणजे क्लोरीनची जंतुनाशक पूड, टाकली जाते. त्या दिवसांत ते पाणी नळाच्या पाण्यासारखेच मानावे आणि उघडे ठेवून मग वापरावे. उन्हाळ्यात समुद्राजवळच्या विहिरींचे पाणी मचूळ होते. घरची माणसे सवयीने ते पितात, बेडकाला मात्र ते सोसत नाही. जिभेला किंचित खारट लागले तरी दुसरीकडून पाणी आणावे. आरओ यंत्राच्या पाण्यातून उपयुक्त क्षारही निघून जातात, त्यामुळे केवळ तेच रोज देऊ नये.

ऋतूंप्रमाणे काळजी

दिवसा 24 ते 28 अंश सेल्सिअस आणि रात्री त्याहून थोडे कमी तापमान या बेडकाला योग्य. हवेतील आर्द्रता 50 ते 70 टक्के पुरते. दोन्ही मोजणारे छोटे यंत्र पेटीत मध्यभागी लावावे. आपल्याकडे हीटर, गरम पॅड किंवा तापणारा दिवा लागत नाही. आमच्या दुकानात ही साधने आहेत, ती सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी. झाडबेडकासाठी ग्राहकाने ती घेऊ नयेत. दिवसा 12 तास मंद एलईडी प्रकाश पुरेसा आहे.

मे महिना खरा कसोटीचा असतो. बेडकाच्या अंगावरचा ओलावा वाफ होऊन उडतो तेव्हा त्याला गारवा मिळतो. हवाच वाफेने भरलेली असेल तर ओलावा उडत नाही, आणि म्हणून देशावरच्या कोरड्या हवेत जे तापमान तो निभावून नेईल, तेच किनाऱ्यावरच्या कोंदट खोलीत त्याच्या जिवावर बेतते. पारा 30 च्या वर गेला की झाकणाच्या जाळीवरून वारा वाहील असा लहान पंखा लावावा आणि गोठवलेल्या पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून जाळीच्या एका कोपऱ्यावर ठेवावी. पंख्याचा झोत थेट बेडकावर येऊ देऊ नये. या दिवसांत संध्याकाळी एकदा पाणी फवारावे.

जून ते सप्टेंबरमध्ये फवारणी बहुतेक बंदच ठेवावी. सकाळी काचेवर साचलेले पाणी दुपारपर्यंत वाळले नाही, तर पेटीला वारा कमी पडतो आहे, असे समजावे आणि तिची जागा बदलावी. भुशावर पांढरी बुरशी दिसली तर तेवढा भाग काढून टाकावा. भुशात स्प्रिंगटेल नावाचे सूक्ष्म पांढरे कीटक सोडल्यास ते बुरशी खातात. ते आमच्याकडे मिळतात. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेचा कोरडा वारा सुटला की फवारणी पुन्हा रोजची करावी.

वीज जाईल, हे धरूनच पेटी लावावी. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ धडकले, तेव्हा कित्येक गावे अनेक दिवस अंधारात होती. वरील रचनेत पेटीतली हवा विजेविनाही खेळती राहते, हे आम्ही मुद्दाम पाहिले आहे.

मुंग्या, डास आणि साप

घरोघरी दूधदुभत्याच्या जाळीच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवण्याची जुनी पद्धत होती. पेटीच्या स्टँडलाही तेच करावे, नाहीतर मेलेल्या रातकिड्याच्या वासाने मुंग्या येतात आणि झोपलेल्या बेडकाला चावतात. वाट्यांतले पाणी दर दोन दिवसांनी बदलावे, म्हणजे डास होणार नाहीत. मुंग्यांची पावडर, खडू, डासांची कॉइल, भिंतीत लावायचे द्रवयंत्र आणि फवारे यांपैकी काहीही त्या खोलीत वापरू नये. दिवड आणि धामण यांना बेडकाचा माग बरोबर लागतो, त्यामुळे परसाकडे उघडणाऱ्या खोलीत पेटी असल्यास दरवाजाची कडी रात्री आठवणीने लावावी.

खाणे आणि स्वच्छता

प्रौढ बेडकाला आठवड्यातून दोन-तीन वेळा संध्याकाळी पाळीव रातकिडे किंवा गांडुळे द्यावीत आणि त्यांवर कॅल्शियमची पूड भुरभुरावी. हा बेडूक खादाड असून लवकर लठ्ठ होतो. भातशेतीतले टोळ आणि घरातली झुरळे कीटकनाशकाच्या शक्यतेमुळे देऊ नयेत.

पेटी धुण्यासाठी फक्त कडकडीत पाणी वापरावे. फिनेल आणि साबण कधीही नाही. बेडकाला हात लावण्यापूर्वी आणि नंतर हात धुवावेत. पूर्वी, कारण हातावरचे मीठ, तेल, क्रीम त्याला बाधते. नंतर, कारण त्याच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात. पाच वर्षांखालच्या मुलांना तो हाताळू देऊ नये.

पेटीतले जुने पाणी आणि भुसा विहिरीत, व्हाळात किंवा शेतात टाकू नये. कायट्रिड नावाची कातडीची बुरशी बेडकांच्या व्यापाराबरोबर जगभर पसरली असून तिने अनेक देशांत बेडकांच्या जातीच्या जाती संपवल्या आहेत. वापरलेले पाणी उकळून शोषखड्ड्यात ओतावे. बेडूक सांभाळणे अशक्य झाले तर तो रानात सोडू नये. आमच्याकडे आणून द्यावा, आम्ही तो कोणतेही शुल्क न घेता ठेवून घेतो.

बेडूक आणण्यापूर्वीचा आठवडा

पेटी घरी पोहोचल्यावर ती पूर्ण मांडून सात दिवस रिकामी ठेवावी. रोज सकाळी, दुपारी तीन वाजता आणि रात्री झोपताना यंत्रावरचे तापमान व आर्द्रता सोबतच्या तक्त्यात लिहावी. दुपारचा आकडा सलग 30 च्या खाली राहिला आणि काचेवरचे पाणी रोज वाळले, तर बेडूक आणण्यास हरकत नाही. तसे झाले नसल्यास तक्ता घेऊन दुकानात यावे. जाळीची पट्टी वाढवणे किंवा स्टँडची उंची बदलणे यासाठी आमचा कारागीर घरी येतो, आणि पहिल्या वर्षात त्याचे पैसे घेतले जात नाहीत.