नाडी, नेफा आणि कमरेवरचा वळ

वर्षानुवर्षं साडी नेसणाऱ्या बाईच्या कमरेवर परकराची नाडी जिथे बसते, तिथे बऱ्याचदा एक काळपट वळ असतो. आईला होता, आजीला होता, म्हणून त्याला कुणी आजार मानत नाही. बहुतेकींच्या बाबतीत ते बरोबरच आहे. रोजच्या घर्षणाने कातडी जाड होते आणि तिथे रंगद्रव्य जास्त साठतं, एवढंच. क्वचित कुणाच्या बाबतीत मात्र गोष्ट इथे थांबत नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’ या वैद्यकीय नियतकालिकात वर्धा आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी दोन रुग्णांची हकीकत दिली. एक बाई सत्तर वर्षांची, दुसरी सत्तरीला टेकलेली. दोघींच्याही कमरेच्या उजव्या बाजूला न भरणारी जखम होती. एकीची दीड वर्ष, दुसरीची दोन वर्षं. तपासणीत दोन्ही ठिकाणी त्वचेचा कर्करोग निघाला. बातम्यांमध्ये त्याचा ‘पेटीकोट कॅन्सर’ झाला आणि सगळं खापर परकरावर फुटलं. पण त्यातली एक बाई परकर घालतच नव्हती. ती चाळीस वर्षं लुगडं नेसत होती, कमरेला घट्ट आवळून.

हा आजार बायकांपुरताही नाही. मुंबईतले विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि सूर्याबाई यांनी १९४५ मध्येच धोतराने होणाऱ्या कर्करोगाची नोंद केली होती. परकर, लुगडं, धोतर या तिन्हींत समान काय, तर वर्षानुवर्षं एकाच जागी बसणारा आवळ.

यामागचं भौतिकशास्त्र सोपं आहे. कमरेभोवती दोरी आवळली की तिच्यात ताण येतो. त्या ताणाचा कातडीवर किती दाब पडेल हे दोन गोष्टींवर ठरतं: दोरी किती रुंद आहे आणि त्या जागी शरीराचं वळण किती तीव्र आहे. अर्धा सेंटीमीटर जाडीच्या गोल नाडीऐवजी चार सेंटीमीटर रुंद पट्टा तेवढ्याच ताणाने बांधला, तर दाब साधारण एक-अष्टमांश होतो. वळणाचंही तसंच. पोट आणि पाठ तुलनेने सपाट, म्हणून तिथे दाब कमी. कमरेच्या दोन्ही बाजूंना शरीर एकदम वळतं, आत हाडही जवळ असतं, म्हणून तिथे दाब जास्त. त्यात गाठ त्याच बाजूला आली किंवा कनवटीला पैशांची पिशवी खोचलेली असली, तर विचारूच नका. कातडीतल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांमधला दाब पाऱ्याच्या सुमारे ३२ मिलिमीटर एवढाच धरतात. बाहेरचा दाब त्याच्या वर गेला की तिथला रक्तपुरवठा मंदावतो आणि खरचटलेलं लवकर भरून येत नाही.

आता यात घाम आणि धूळ मिसळा. शेतात दिवसभर वाकून लावणी करणाऱ्या बाईच्या कमरेवर नाडी सतत वरखाली सरकते. कातडी सोलवटते, खपली धरते, दुसऱ्या दिवशी तीच नाडी तिथेच बसते. वर्षानुवर्षं भरणं आणि पुन्हा फाटणं चालू राहिलं की पेशींचं विभाजनही सतत चालू राहतं आणि त्यात चुका साचत जातात. जुन्या व्रणातून निघणाऱ्या अशा कर्करोगाला ‘मार्जोलिन व्रण’ म्हणतात. १८२८ मध्ये अशा चिघळणाऱ्या व्रणांचं वर्णन करणाऱ्या फ्रेंच शल्यविशारदाचं ते नाव. हे दुर्मीळ आहे. वळ दिसला म्हणून रात्रीची झोप उडवून घेऊ नये.

त्यापेक्षा जास्त जणींना त्रास देणारी गोष्ट म्हणजे कोड. ज्यांना कोड आहे किंवा होण्याची प्रवृत्ती आहे, त्यांच्यात घर्षणाच्या जागी नवे पांढरे डाग उमटू शकतात. याला कोब्नर परिणाम म्हणतात. एकोणिसाव्या शतकातल्या कोब्नर या जर्मन डॉक्टरला सोरायसिसच्या रुग्णात हा प्रकार दिसला होता. घोडा चावला त्या जागीही चट्टे उठले होते म्हणे! कोड असलेल्या बाईने नाडीची जागा आणि आवळ याकडे इतरांपेक्षा जास्त लक्ष द्यावं.

मग परकर कसा घ्यावा? तयार परकरात बहुधा बारीक, कडक दोरी ओवलेली असते. ती काढून टाका आणि शिंप्याकडून त्याच कापडाचा रुंद, चपटा बंद शिवून घ्या. नाहीतर रुंद कमरपट्ट्याचा परकर शिवा. गाठ मारल्यावर आत दोन बोटं सहज जायला हवीत. रोज बांधण्याची जागा बोटभर वर-खाली करा, गाठीची बाजूही बदला. साडीखाली घालायचे अंगाबरोबरचे ‘शेपवेअर’ हल्ली खूप विकले जातात. त्यांत दोरी नसते हे चांगलं, पण बरेचसे नायलॉन किंवा पॉलिस्टरचे असतात. नेहमीच्या हवेत सुती धागा आपल्या वजनाच्या साधारण ८ टक्के ओलावा धरतो, पॉलिस्टर जेमतेम ०.४ टक्के, म्हणजे घाम टिपला न जाता कातडीवरच राहतो. मे महिन्यातल्या लग्नात चार तास ठीक. रोजच्या वापराला मी तरी सुतीच सांगेन.

धुण्यात सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे नेफा. साबण तिथे अडकून राहतो, खळ साचते, आणि बाकीचा परकर वाळला तरी नेफा आणि नाडी दमटच असतात. नाडी काढून वेगळी धुवा, नेफा नीट खळबळा. निकर, ब्रा, परकर टॉवेलखाली किंवा न्हाणीघरात लपवून वाळत घालण्याची रीत गजकर्णाला सोयीचीच. या बुरशीला दमट कापड फार आवडतं, आणि भारतात फोफावलेली ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ ही तिची जात टर्बिनाफिनसारख्या नेहमीच्या औषधालाही अनेकदा दाद देत नाही. घरात कुणाला गजकर्ण असेल तर त्याचे कपडे वेगळे, किमान ६० अंशांच्या पाण्यात धुवा आणि सरळ उन्हात घाला. कोकणातल्या पावसाळ्यात ऊन कुठून आणायचं? मग गरम इस्त्री फिरवा, नेफ्यावर आणि शिवणींवर जरा जास्त वेळ.

इलॅस्टिकच्या निकरला मात्र क्लोरीनचं ब्लीच लावू नका. काही रबरांतल्या रसायनांशी ब्लीचचा संयोग होऊन ॲलर्जी आणणारं नवंच रसायन तयार होतं, हे १९७०च्या दशकात आढळलं. इलॅस्टिकच्या रेषेतच पुरळ येत असेल तर हाही संशय घ्यावा.

कमरेवर खाज असेल तर औषधाच्या दुकानातून स्टिरॉइड मिसळलेली ट्यूब आणून चोळत बसू नका. खाज दबते, गजकर्ण पसरतो. चार आठवड्यांत न भरलेली जखम, कडा जाड झालेला किंवा रक्त येणारा व्रण त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. लहानसा तुकडा काढून तपासला की निदान होतं. तपासणीच्या वेळी परकर सैल करून कंबर पूर्ण दाखवा आणि नाडी रोज नेमकी कुठे बांधता ते सांगा. नाहीतर नाडीखालचाच भाग झाकलेला राहतो.