नेत्र-आणीबाणीचे प्रशिक्षण

डोळ्याला अचानक इजा झालेला किंवा एकाएकी दिसेनासा झालेला रुग्ण आला, की नेत्रतज्ज्ञ पोहोचेपर्यंत काय करायचे, हे आपत्कालीन वैद्यकाच्या निवासी डॉक्टरांना प्रत्यक्ष हाताने करायला शिकवण्याची पद्धत. भारतात आपत्कालीन वैद्यक हा विषय २००९ मध्ये स्वतंत्र पदव्युत्तर शाखा म्हणून मान्य झाला, एम. डी. तीन वर्षांची. नेत्रविभागातल्या दिवसपाळीत प्रामुख्याने मोतीबिंदू, चष्म्याचे नंबर असेच रुग्ण दिसतात. फुटलेला डोळा क्वचित येतो, म्हणून त्याचा सराव मुद्दाम ठरवून घ्यावा लागतो.

पहिला धडा धुण्याचा. चुन्याची पुडी दाबताना फुटते आणि चुना लहान मुलाच्या डोळ्यात उडतो. आम्लाने वरची प्रथिने गोठतात, त्यामुळे ते बहुधा वरच अडते. चुन्यासारखा अल्क पेशींची आवरणे विरघळवत आत शिरत राहतो. इथे आधी दृष्टी तपासत बसायचे नाही. बधिरतेचा थेंब टाकून लगेच सलाईनची धार सोडायची. सलाईन नसेल तर नळाचे स्वच्छ पाणी चालते. वरची पापणी उलटून कोपऱ्यात दडलेले कण ओल्या कापसाच्या काडीने काढायचे. एक कण जरी राहिला तरी चुना झिरपतच राहतो, आणि नवशिक्याकडून नेमके हेच राहून जाते. आम्ल-अल्क दाखवणारा पीएच कागद ७ च्या (म्हणजे उदासीन) आसपास आला, की काही मिनिटे थांबून पुन्हा तपासायचे.

बाकी बहुतेक रुग्णांत सुरुवात दृष्टी मोजण्यापासून. १८६२ चा स्नेलेनचा अक्षरांचा तक्ता ६ मीटरवरून वाचता आला नाही, तर बोटे, हाताची हालचाल, शेवटी उजेड दिसतो का, एवढे तरी नोंदवायलाच हवे.

सर्वात धास्तीचे कौशल्य लॅटरल कॅन्थॉटॉमीचे, म्हणजे पापण्यांचा बाहेरचा कोपरा कापून डोळ्यामागचा दाब उतरवण्याचे. मार लागून नेत्रगोलामागे रक्त साचले, की हाडांच्या खोबणीत दाब वाढतो, डोळा पुढे येऊन दगडासारखा घट्ट होतो आणि दृष्टिपटलाचा रक्तपुरवठा तुटतो. हातात साधारण दीड-दोन तास असतात. सीटी स्कॅनसाठी थांबणे म्हणजे डोळा गमावणे. बाहेरचा कोपरा चिमट्याने दाबून सुमारे १ सेंटिमीटर कापायचा. पण तेवढ्याने भागत नाही. त्याच कोपऱ्यात खोलवर पापणीला हाडाशी बांधणाऱ्या कंडरेची खालची शाखा कापली गेली, तरच खालची पापणी मोकळी सुटते आणि दाब उतरतो. कात्रीला ती ताणलेल्या तारेसारखी लागते. हे वर्णन वाचून उमजत नाही. म्हणून मुखवट्यावर रबरबँड ताणून किंवा प्राण्याच्या डोक्यावर सराव करतात. कॉर्नियात (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यात) रुतलेला लोखंडी कण सुईने काढायचा सराव डुकराच्या किंवा बकऱ्याच्या डोळ्यावर होतो.

ओरखडे दाखवणारा फ्लुरोसीनचा रंग, डोळा मोठा करून पाहण्याचा स्लिट लॅम्प आणि अल्ट्रासाउंड यांची ओळख हवी, पण फुटलेल्या डोळ्यावर काय करायचे नाही हे त्याहून आधी शिकवावे. दाब मोजायचा नाही, पट्टी घट्ट बांधायची नाही, रुतलेली वस्तू ओढायची नाही. वर कडक कवच ठेवायचे, उलटी थांबवायची, रुग्णाला उपाशी ठेवायचे आणि धनुर्वाताची लस पाहायची.

काचबिंदूचा तीव्र झटका डोकेदुखी आणि उलट्यांच्या आड लपतो. अशा रुग्णाला पोटाचे औषध देऊन घरी पाठवण्याआधी लाल डोळ्याचा दाब मोजावा. निरोगी डोळ्यात तो सहसा १० ते २१ मिमी पाऱ्याइतका असतो, झटक्यात दुपटीहून अधिक चढू शकतो. नेत्रतज्ज्ञाला फोन करताना दृष्टी, बाहुलीची प्रतिक्रिया, दाब (डोळा फुटलेला नसेल तर) आणि इजेची वेळ या क्रमाने सांगायची सवय पहिल्या वर्षीच लावतात.